परदेशी गिऱ्हाईक आणि आपलं ‘बघतो’ : अनुभव धागा

गेल्या महिन्यात आमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, नव्यानं लागलेल्या एका मुलानं जर्मन गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणं आटोपलं. शेवटचं वाक्य होतं, ‘यस सर, वुई विल सी.’ फोन ठेवून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, ‘काका, नाही म्हणून सांगितलं त्यांना.’ मी त्याला तिथल्या तिथे परत फोन लावायला लावला. त्याच्या मनात ‘बघतो’ होतं. कोल्हापुरात कुणी नुसतं ‘बघतो’ म्हटलं की समोरचा समजून जातो, हे काम काही होत नाही. पण पलीकडच्या माणसाच्या कानावर पडलं होतं ‘लक्ष घालतो’.

मी हे एवढ्या ठामपणे सांगतोय, कारण 2011 मध्ये मी स्वतः यात होरपळलोय. पंपाच्या हाउसिंगचं नवीन कास्टिंग होतं. पॅटर्न करायचा, कोअर बॉक्स करायचे, सँपल ओतायचं, मापांचे कागद पाठवायचे आणि मग पहिली खेप. जर्मनीतल्या खरेदी अधिकाऱ्यानं विचारलं, आठ आठवड्यांत होईल का? मी म्हटलं, हो, होऊन जाईल, काळजी करू नका. त्या आठ आठवड्यांत दिवाळी होती आणि दिवाळीला लागून छठ. आमचे निम्म्याहून जास्त मोल्डर बिहार-उत्तर प्रदेशातले. छठला गावी गेलेला माणूस तीन आठवडे परत येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी हो म्हटलं. पहिल्याच कामाला नाही कसं म्हणायचं?

नवव्या आठवड्यात तो स्वतः शिरोलीला आमच्या कारखान्यात आला. आवाज चढवला नाही. वही उघडून माझ्यासमोर ठेवली. आमच्या फोनची तारीख, वेळ, ‘8 आठवडे’ असं लिहिलेलं आणि खाली पट्टी धरून मारलेली रेघ. म्हणाला, ‘तुम्ही आठ सांगितलेत, म्हणून मी माझ्या गिऱ्हाइकाला दहा सांगितले. तुम्ही बारा सांगितले असते तर मी चौदा सांगितले असते. कुणाचंच काही बिघडलं नसतं.’ शेवटी खेप विमानानं पाठवली. बिडाचं कास्टिंग, विमानानं! त्या कामाचा सगळा नफा भाड्यात गेला, पण मला पैशापेक्षा ते वहीचं पान जास्त लागलं. माझा तो धीराचा शब्द होता, त्याच्यासाठी ती तारीख होती.

पुढच्या कामाला मी पहिल्यांदा म्हटलं, ‘नाही, आठात जमणार नाही. अकरा लागतील, मध्ये गणपती आहेत.’ पोटात गोळा आला होता. त्यानं शांतपणे विचारलं, गणपतीला किती दिवस धरायचे? आणि लिहून घेतलं. तेव्हापासून दर जानेवारीला आमच्या सणांची यादी तिकडे जाते आणि त्यांच्या उन्हाळी सुट्ट्यांची इकडे येते.

तुमच्यापैकी कितीतरी जण परदेशी लोकांबरोबर धंदा करतात, नोकरी करतात, माल आणतात, पाठवतात. ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’, ‘उद्या’ यांचा अर्थ कुठे निसटला आणि त्यानंतर तुम्ही काय बदललंत, ते मोकळेपणानं लिहा. कंपनीचं नाव नको. गाव, काम आणि देश एवढं पुरे. आमच्या त्या मुलाला मी हा धागा वाचायला देणार आहे.

चाकण, जपानी भाषेची दुभाषी

सुट्या भागांच्या कारखान्यात बारा वर्षं दुभाषी आहे. तुमचं ‘बघतो’ वाचून अंगावर काटा आला, कारण जपानी माणूसही तेच करतो. आपल्याला ते ओळखू येत नाही, एवढंच.

जपानी साहेब मीटिंगमध्ये दर वाक्याला मान हलवत ‘हाय, हाय’ म्हणतात. शब्दकोशात हाय म्हणजे हो. आमचे इंजिनिअर खुशीत बाहेर येतात, ‘साहेबांनी मान्य केलं!’ साहेबांनी मान्य केलेलं नसतं, ऐकलेलं असतं. आपण फोनवर ‘हं… हं…’ करतो तेवढाच त्याचा अर्थ. आणि नाही म्हणायचं असलं की दातांतून श्वास आत ओढतात, मान किंचित तिरकी करतात आणि म्हणतात, ‘चोत्तो…’ चोत्तो म्हणजे ‘जरा’. वाक्य तिथंच सोडून देतात. सुरुवातीला मी त्याचं इंग्रजी करायचे, ‘इट इज अ लिट्ल डिफिकल्ट.’ आमचे लोक लगेच म्हणायचे, ‘नो प्रॉब्लेम सर, वुई विल ट्राय!’ आणि केव्हाच बाद झालेल्या प्रस्तावावर आठवडाभर राबायचे.

एके दिवशी मी मधलं इंग्रजी काढून टाकलं. साहेब ‘चोत्तो…’ म्हणाले आणि मी आमच्या लोकांकडे वळून त्याच सुरात म्हटलं, ‘जरा… अवघड आहे हो.’ खोली एकदम गप्प झाली. एकानं फाईल मिटली. सगळ्यांना कळलं. मुलाकडच्यांनी ‘जरा अवघड वाटतंय’ असं कळवल्यावर आपण पुन्हा विचारायला जातो का? नाही जात. हे कान आपल्याला आहेत. मध्ये इंग्रजी आलं की ते बंद होतात, असं माझं ठाम मत झालंय.

दुसरी गोष्ट जास्त दुखरी आहे. प्रेसवर निघालेल्या एका लॉटमध्ये भागांच्या कडेला बर, म्हणजे पत्र्याची खरबरीत कोर, राहिली होती. आमच्या सुपरवायझर दादांनी रात्रपाळीत सात जणांना बसवून कानशीनं एकेक तुकडा साफ करून घेतला. सकाळी माल वेळेवर गेला. माणसानं रात्र जागून काढलेली, त्यांना वाटलं शाबासकी मिळेल. जपानी सल्लागारांना तिसऱ्या दिवशी कळलं आणि मी त्यांना एवढं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. ‘बर आली त्याचं काही नाही. मला सांगितलं का नाही?’ एवढंच परत परत विचारत राहिले. त्यांच्याकडे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून होउ-रेन-सो शिकवतात. घडलं ते सांगा, संबंधितांना कळवा, अडलं तर विचारा. वाईट बातमी सगळ्यात आधी. आणि दादांच्या लेखी वाईट बातमी साहेबापर्यंत पोचू न देणं हीच खरी नोकरी.

मग पाच वेळा ‘का’ विचारायला सुरुवात झाली. बर का आली? डायची, म्हणजे प्रेसमधल्या साच्याची, कड झिजली. का झिजली? धार लावायची राहिली. का राहिली? तिसऱ्या ‘का’ला दादा उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘ताई, त्यांना सांगा, चूक माझी. काय शिक्षा द्यायची ती द्या. पण चारचौघांत उलटतपासणी नको.’ मी एक शब्द न गाळता ते जपानीत सांगितलं. माझा आवाज कापत होता. सल्लागार बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ‘का’ विचारणं सोडलं नाही, जागा बदलली. ते दादांना घेऊन प्रेसपाशी जायचे. दोघं मशीनकडे तोंड करून उभे राहायचे आणि प्रश्न मशीनलाच विचारल्यासारखे विचारायचे. दादा मोकळे झाले. पुढच्या वेळी डाय झिजायला लागली तेव्हा दादांनी स्वतः मला बोलावून घेतलं, ‘ताई, त्यांना सांगा, ही आता महिनाभर चालेल, पुढं नाही.’ सल्लागार परत जायला निघाले तेव्हा दादा त्यांना विमानतळावर सोडायला गेले होते.

भोसरी, मशीन शॉप

आमचं लहान, पण लिहितो. माणसासारखीच ड्रॉइंगलाही बोली असते. आपल्याकडे आणि युरोपात फर्स्ट अँगलनं काढतात, अमेरिका आणि जपान थर्ड अँगलनं. म्हणजे डाव्या बाजूनं दिसणारं चित्र एक जण उजवीकडे काढतो, दुसरा डावीकडे. कोपऱ्यातल्या चौकटीत शंकू आणि वर्तुळाची बारीक खूण असते, तिच्यावरून कळतं. ती मी बघितली नाही. अमेरिकेची 40 ब्रॅकेट अगदी मापात केली, सगळी उलट्या हाताची. भोकं डावीकडची उजवीकडे. भंगारात घातली.

जर्मन माणूस 12,5 लिहितो ते साडेबारा, आणि 1.250 लिहितो ते बाराशे पन्नास. अमेरिकेचं 04/05 म्हणजे 5 एप्रिल, आपलं 4 मे. आता आमच्याकडे तारखेतला महिना अक्षरांत लिहितात आणि ड्रॉइंग आलं की पोरं पहिल्यांदा त्या शंकूला लाल पेनानं गोल करतात. तोपर्यंत मशीनला हात लावायचा नाही.

निफाड तालुका, द्राक्ष बागायतदार

वडील, काका आणि आम्ही दोघं भाऊ. 2014 पासून आमचा माल थेट रॉटरडॅमच्या एका आयातदाराकडे जातो. जपानी माणसाचं वाचलं आणि वाटलं, आमचा डच माणूस अगदी दुसऱ्या टोकाचा. त्याला नाही म्हणायला क्षणभरही वेळ लागत नाही.

पहिला कंटेनर पोचला, साधारण 13 टन माल. तिसऱ्या दिवशी मेल आला. रामराम नाही, कसे आहात नाही. ‘पॅकिंग वाईट आहे. घडांचे देठ तपकिरी झालेत. काही पनेटमध्ये (द्राक्षांच्या छोट्या डब्यांमध्ये) मणी 16 मिलिमीटरच्या खाली आहेत. सांगितला होता तो हा माल नाही.’ सोबत 18 फोटो. प्रत्येक फोटोत मण्याशेजारी पट्टी ठेवलेली. मी वडिलांना वाचून दाखवलं. ते हातातलं ताट बाजूला सारून उठले. ‘माझ्या घामाचा माल खातो आणि वर मलाच वाईट म्हणतो? संबंध तोडा.’ आम्ही दोन दिवस उत्तरच दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. आवाजात राग अजिबात नव्हता, खरी काळजी होती. ‘मेल मिळाला नाही का? दुसरा कंटेनर भरायच्या आत दुरुस्त व्हावं म्हणून तातडीनं लिहिलं. तोडणी किती वाजता करता?’ मी सांगितलं, ऊन चढेपर्यंत चालते. ‘प्रीकूलिंगला, म्हणजे थंड करायला, माल कधी जातो?’ ट्रॅक्टर भरला की. तो म्हणाला, मग देठ तुमच्या शेतातच सुकतोय, जहाजात नाही. त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून तोडणी सकाळी दहाच्या आत संपते, क्रेटवर ओलं गोणपाट असतं आणि गाडी भरायची वाट न बघता माल पॅकहाउसला निघतो. ज्याला आम्ही अपमान समजलो, ती त्याच्या लेखी मदत होती. शिवी माणसाला असते, त्यानं मालाला नाव ठेवलं होतं. आमच्याकडे माल आणि माणूस वेगळा करता येत नाही, बाग म्हणजे लेकरूच.

पुढच्या हंगामात तो बाग बघायला आला. ओसरीवर शेजारीपाजारी बसलेले, पिठलं-भाकरी झाली, आणि यानं सगळ्यांसमोर वडिलांना विचारलं, ‘तुमचा एकरी खर्च किती? कर्ज किती आहे?’ वडील गप्प. रात्री मी त्याला सांगितलं, हे आमच्याकडे एकट्यात विचारतात. त्यानं मला विचारलं, ‘तेव्हाच का नाही थांबवलंस?’ सकाळी उठून त्यानं वडिलांची माफी मागितली, तीही तशीच सरळ, दोन वाक्यांत. वडिलांना ती माफीही सगळ्यांसमोर नको होती, पण ते राहू दे.

या सरळपणाची किंमत मला दोनदा कळली. 2010 चा हंगाम आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे आम्ही सीसीसी म्हणतो ते वेलीची वाढ आवरणारं रसायन, त्याचा अंश सापडला म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली. तेव्हा आमचा माल इथल्याच एका व्यापाऱ्यामार्फत जायचा. आठवड्यामागून आठवडे एकच उत्तर, ‘बघू, होईल काहीतरी.’ किती येणार, येणार की नाही, कुणी सांगेना. बँकेचा हप्ता तोंडावर. ते ‘बघू’ आम्हाला आत्तापर्यंत खातंय.

आणि 2024 चा हंगाम. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली. प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला. त्याचा फोन आला, ‘ओढ्याकडच्या प्लॉटचा माल पाठवू नका. त्याची साल पातळ आहे, एवढे दिवस टिकणार नाही. मी घेणार नाही.’ मनाला लागलं, पण तो प्लॉट आम्ही इथल्याच बाजाराला दिला. भाव कमी मिळाला. मिळाला मात्र. वडील त्या रात्री म्हणाले, ‘तोंडावर बोलतो, म्हणून बरं.’

धागा काढणारा

निफाडकर, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. जर्मन भाषेतही आपल्यासारखं तुम्ही आणि तू आहे, ‘झी’ आणि ‘डू’. माझा तो वहीवाला नऊ वर्षं मला ‘झी’च म्हणत होता. हॅनोव्हरच्या प्रदर्शनात एका संध्याकाळी त्यानं हात पुढे केला, स्वतःचं पाळण्यातलं नाव सांगितलं आणि म्हणाला, आजपासून ‘डू’. अहोजाहोवरून अरेतुरेवर यायला नऊ वर्षं. इंग्रजीत बोलत राहिलो असतो तर हे मला मिळालंच नसतं.

हिंजवडी, सॉफ्टवेअर, अमेरिकन क्लायंट

आमच्या टीममधला मुलगा मूळ लातूरचा, कामात फार हुशार. कॉलवर क्लायंटच्या आर्किटेक्टला म्हणाला, ‘आय हॅव अ डाउट इन युअर डिझाइन.’ त्याला विचारायचं होतं, एक शंका आहे. शाळेत बाई शिकवून झाल्यावर ‘कुणाला शंका?’ विचारायच्या ना, तीच शंका. त्या आर्किटेक्टनं ऐकलं, तुमच्या डिझाइनवर माझा विश्वास नाही. पुढचे पंधरा दिवस दोघांचं पटेना आणि का ते दोघांनाही कळेना. मी दोघांना वेगवेगळं विचारलं तेव्हा उलगडा झाला.

त्याहून मोठा प्रश्न ‘हो’चा. क्लायंट विचारायचा, शुक्रवारपर्यंत होईल? सगळ्या टीमच्या माना हलायच्या. आणि त्यांच्याकडून ‘दॅट्स इंटरेस्टिंग’ आलं की आमची मुलं खूश व्हायची. कितीतरी वेळा त्याचा अर्थ असायचा की हे बाजूला ठेवा. आता मी ‘होईल का?’ हा प्रश्नच बंद केलाय. क्लायंटलाही सांगितलं, विचारू नका. त्याऐवजी विचारते, ‘शुक्रवारी हे झालं नाही, तर कशामुळे झालं नसेल?’ या प्रश्नाला हो-नाही उत्तरच नाही. लातूरच्या मुलानं पहिल्याच दिवशी चार कारणं सांगितली, चारही खरी. त्याला सगळं दिसत होतं, मोठ्या माणसाला नाही म्हणायची वाट सापडत नव्हती. आपल्या मुलांना गप्प म्हणून खाली बसवू नका, एवढं मला कळकळीनं सांगायचंय. प्रश्न बदलून बघा.

इचलकरंजी, यंत्रमाग

मी माळकरी. मांस-मासे नाही, दारू तर नाहीच. 2016 मध्ये रेपियर माग (बिनधोट्याचे नवे माग) घ्यायला चीनला चेजियांग प्रांतात शाओशिंगला गेलो. ते कापडाचं गाव, आणि तांदळाच्या दारूचंही. पहिल्याच रात्री गोल टेबलावर जेवण. कारखान्याचे मालक उठले, गरम दारूचा छोटा पेला दोन्ही हातांनी पुढे केला. सगळे उभे राहून माझ्याकडे बघतायत. नाही म्हटलं तर त्यांचा मान जातो, घेतली तर माझी माळ. गळ्याशी हात गेला. दुभाषी मुलगी कानाशी कुजबुजली, ‘यी छा ताय च्यौ म्हणा.’ दारूच्या जागी चहा. मी चहाचा पेला उचलला, त्यांच्या पेल्याच्या काठाखाली धरला, कारण तिकडे मान द्यायचा तर आपला पेला खाली धरतात, आणि ते चार शब्द म्हटले. मालक मोठ्यानं हसले, स्वतःचा पेला ठेवून त्यांनीही चहा घेतला. नंतर मला बाजूला घेऊन माळेबद्दल विचारलं. मी पंढरपूर सांगितलं, आषाढी सांगितली. त्यांच्या आईही बुद्धाच्या उपासाला मांस खात नाहीत, असं म्हणाले.

एवढं जमलं आणि तरी पुढे फसलो. 30 टक्के आगाऊ भरले, बाकी माल भरायच्या आधी. मी विचारत होतो, वेळेत निघेल ना? ते म्हणत होते, ‘मेइ वन्ती, मेइ वन्ती.’ काही अडचण नाही. तो जानेवारी होता. वर छठचं वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं, कारण त्यांचंही तेच. चिनी नववर्षाला कामगार हजार-दोन हजार किलोमीटरवरच्या गावी जातात, कारखाने आठवडेच्या आठवडे बंद. अडचण नाही, हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. माझे माग मार्चअखेर निघाले, इथे शेड रिकामी, व्याज चालू.

आता मी ‘वेळेत निघेल ना’ विचारत नाही. पॅकिंग कोण करणार, ट्रक कुठल्या वारी येणार, कारखान्याचा शेवटचा दिवस कुठला, ते विचारतो आणि वीचॅटवर पेट्यांचे फोटो मागतो. आणि त्यांच्या नववर्षाला मालकांच्या आईला निरोप पाठवतो. त्याचा धंद्याशी काही संबंध नाही.

पेडणे, गोवा, गेस्ट हाउस

मोरजीच्या बाजूला आमच्या सात खोल्या. रशियन पाहुणे पुष्कळ. एका बाईंचा वाढदिवस होता, माझ्या पत्नीनं सहा गुलाबांचा गुच्छ टेबलावर ठेवला. बाईंनी आभार मानले आणि हळूच एक गुलाब काढून आपल्या मुलीच्या केसांत माळला. पुढे एका जुन्या पाहुण्यानं सांगितलं, त्यांच्याकडे सम संख्येची फुलं मयताला नेतात. बाईंनी आमचा मान राखून दोष काढला होता. आम्ही अजून त्यांची आठवण काढतो. तेव्हापासून पाच नाहीतर सात.

दुबई, मूळ देवगड तालुका, आंबा

वर सगळे ‘हो’ आणि ‘नाही’वर लिहितायत. आमच्याकडे तिसराच शब्द, ‘इन्शाल्ला’, म्हणजे देवाची इच्छा असेल तर. नवीन मराठी माणूस आला की त्याला वाटतं, हे टाळणं आहे. मीही तसंच समजत होतो. आता कान तयार झालाय. मी म्हटलं ‘मंगळवारी पैसे?’ आणि समोरून नुसतं ‘इन्शाल्ला’ आलं, तर मंगळवार विसरायचा. ‘मंगळवारी, असरच्या (दुपार कलतानाच्या) नमाजानंतर, इन्शाल्ला’ असं आलं तर पैसे येतात. तारीख त्यांच्या तोंडून यायला हवी. देवाचं नाव घेऊन खोटी वेळ सांगणं त्यांना फार जड जातं, हा माझा अनुभव आहे.

पहिल्या तीन भेटींत एका अमिराती व्यापाऱ्यानं आंब्याचा विषयच काढू दिला नाही. गहवा द्यायचे. छोटा बिनकानाचा पेला, तळाशी घोटभर कॉफी, वेलदोड्याचा वास. पेला उजव्या हातानं घ्यायचा. मी ‘नको’ म्हणायचो, आणि मुलगा पुन्हा भरायचा. पाचव्या पेल्याला शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आपला रिकामा पेला माझ्या समोर धरून डावी-उजवीकडे हलवून दाखवला. पेला हलवला की पुरे. तोंडानं नको म्हणायचंच नसतं. चौथ्या भेटीत त्यांनीच विचारलं, ‘तुझ्या वडिलांची झाडं किती?’ आणि धंदा सुरू झाला.

2022 मध्ये एप्रिलभर रमजान होता, म्हणजे ऐन हापूसच्या सुरुवातीला. त्याच जानेवारीपासून इथली सरकारी सुट्टी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस अशी झाली होती. गावाकडून भाऊ दुपारी दोनला फोन करून विचारायचा, गिऱ्हाईक फोन का उचलत नाही? अरे, रोजा आहे, कामाचे तास दोननं कमी झालेत, माणूस घरी झोपलाय. मी पेट्या उतरवायची वेळ इफ्तारच्या, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडायच्या, आधी नेली. त्या महिन्यात आंबा संध्याकाळी उठतो, सकाळी नाही.

सांगली, निवृत्त, पूर्व आफ्रिका

सगळं वाचलं. माझी गोष्ट 1986 ची आहे. डिझेल इंजिनं आणि पंप विकायला टांझानियात मोशीला होतो. किलिमांजारोच्या पायथ्याचं गाव, केळी आणि कॉफीच्या बागा. वय 27, स्वाहिली जेमतेम.

एका शेतकऱ्यानं विहिरीवर इंजिन बघायला बोलावलं. म्हणाला, उद्या ‘साआ म्बिली’. म्बिली म्हणजे दोन. मी बरोबर दोनला, दुपारी, उन्हातून पोचलो. तिथं विहिरीवरच्या फळ्या काढून ठेवलेल्या, बांधावर दोन मुलं बसून दमलेली, आणि तो झाडाखाली. स्वाहिलीत दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो. त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. माणूस सहा तास माझी वाट बघत होता.

मला लाज वाटायची ती वाटलीच, पण वाईट जास्त याचं वाटलं की हे मला समजायला हवं होतं. माझे आजोबा घटका सूर्योदयापासूनच मोजायचे. पंचांग उघडून ‘सूर्योदयानंतर दहा घटका’ म्हणणाऱ्या घरातला मी, आणि मनगटावरच्या घड्याळापलीकडे मला सुचलं नाही.

तो उठला आणि पहिला शब्द बोलला, ‘पोले.’ पोले म्हणजे, तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटतं. त्रास त्याला झाला होता. मग चहा आला. तिकडे चहाला ‘चाय’च म्हणतात. घरची चौकशी झाली, आईची, भावांची, पावसाची. मी अर्ध्या तासानं विचारलं, इंजिन घेणार का? म्हणाला, ‘बाडो.’

बाडो म्हणजे ‘अजून नाही’. तिकडे लग्न झालं का विचारलं तरी सत्तरीचा अविवाहित माणूस ‘नाही’ म्हणत नाही, ‘बाडो’ म्हणतो. दार बंद करायचं नाही. आपणही घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी ‘फुटली’ म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतो. म्हणून तो शब्द मला लगेच कळला. ऑफिसच्या अहवालात मात्र साहेबांच्या धाकानं ‘नकार’ असं लिहिलं आणि ते नाव यादीतून गेलं.

मी मात्र जात राहिलो. महिन्यातून एकदा, सकाळी आठला. इंजिनाचं काढायचो नाही. दोन वर्षांनी कॉफीचे पैसे आले तेव्हा तो मुलाला घेऊन मोशीच्या दुकानात आला. नमस्कार झाले, चहा झाला. मग इंजिनावर हात ठेवून म्हणाला, ‘सासा.’

सासा म्हणजे आता.